आयगो घे, पण आधी शाळा ठरू दे

तू विचारलंस, की मार्चमध्ये भुसावळहून बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन इंग्लंडला येतोय, तर आल्या आल्या दहा-बारा वर्षं जुनी आयगो, टोयोटाची ती छोटी गाडी, घ्यावी का, दगा तर देणार नाही ना. व्हिसा, लायसन्स वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

गाडी चांगली आहे भो. २००५ साली आलेल्या टोयोटा आयगो, सिट्रोएन सी१ आणि प्यूजो १०७ या तिघी सख्ख्या बहिणी, चेक प्रजासत्ताकातल्या कोलीनच्या एकाच कारखान्यातल्या. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, टायमिंगला बेल्ट नाही, चेन. इंजिन सहसा रडवत नाही. दुखणी ठरलेली: क्लच लवकर झिजतो, वॉटर पंप गळतो आणि मागच्या दिव्यांच्या रबरातून पाणी डिकीत शिरतं. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघ, ओलं लागलं तर भाव पाड. क्लच पेडल नसलेली, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, मिळाली तर कितीही स्वस्त असो, नको.

आपल्याकडे गाडीला ऊन मारतं, इथे मीठ. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते सायलेन्सर आणि ब्रेकचे पाइप खालून खातं. गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास ऑनलाइन फुकट दिसतो. नुसतं 'पास' बघू नकोस, खालचे शेरे वाच. गंजाचा शेरा दरवर्षी येत असेल तर पुढची गाडी बघ. जळगावचा मिस्त्री सकाळी गाडी घेऊन संध्याकाळी क्लचप्लेट टाकून देतो. इथे मजुरी तासावर, आणि ती सामानापेक्षा जड. म्हणून क्लच बदललाय म्हणणाऱ्याकडे बिल माग.

एक सुझुकी अल्टोही दिसेल, २००९ नंतरची. ती मानेसरला बनलेली आपली मारुती ए-स्टार. ओळखीची वाटते म्हणून घेऊ नकोस. मी एकदा पार्किंगमध्ये तिच्याभोवती उगाच दोन फेऱ्या मारल्या होत्या, बायको लांबून बघत होती.

पण गाडीची घाई का? विमा पत्त्यावर ठरतो, शाळाही पत्त्यावर. तुझं भारतातलं ड्रायव्हिंग बहुतेक विमा कंपन्या धरणार नाहीत, हप्ता बघून डोळे पांढरे होतील.

शाळेचं सांगतो. माझी मुलगीही तेव्हा आठचीच, वर्षाच्या मधेच आलो. जवळची शाळा भरलेली, मिळाली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. नियम असा, की आठच्या आतल्या मुलाला शाळा दोन मैलांपलीकडे असेल तर फुकट वाहन, आठ झाली की तीन मैल. आमची जेमतेम तीनच्या आत, म्हणजे वाहन नाही. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसातल्या बाईंनी सर्वांत जवळची पायवाट मोजून दाखवली. त्या वाटेने नोव्हेंबरात शाळा सुटल्यावर पोरीला घेऊन एकदा चाला म्हटलं, तर म्हणाल्या, अपील करा. केलं. उत्तर तेच, फक्त कागद जास्त जाड. ते पत्र अजून कपाटात आहे. वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या, ही महिनोन् महिने मधल्या सुट्टीत भिंतीपाशी. आता ती म्हणते, मला तसलं काही आठवत नाही. मला आठवतं, आणि तिला खरंच आठवत नाही की माझ्यासाठी तसं म्हणते, ते कळत नाही.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस. होतो, सवय लागते, पुढे चल.

कंपनी ऐकत असेल तर जॉइनिंग ऑगस्टपर्यंत ढकल, सप्टेंबरात सगळ्याच मुलांचा वर्ग नवा असतो. घर घेण्याआधी जवळच्या शाळेत जागा आहे का ते कौन्सिलला विचार आणि उत्तर लेखी घे. पत्ता पक्का झाला की विम्याचे भाव काढ, मग गाडी बघू. मी येतो सोबत. शनिवारी ठरव, रविवारी नको. रविवारी आण्णांचा फोन असतो, 'पोरगी कशी शे?' म्हणून विचारतात, आणि तिने मराठीत उत्तर द्यावं म्हणून मला बाजूला बसावं लागतं.