व्हीईपी बिघडली, म्हणजे गाठ वाढली का?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. अंगावरच्या कॉफीच्या रंगाच्या डागांवरून एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार) कळलं, पुढे एमआरआयमध्ये डोळ्याच्या नसेवर गाठ दिसली. सध्या फक्त लक्ष ठेवायला सांगितलंय. या वेळी व्हीईपीच्या (डोळ्याची नस मेंदूपर्यंत संदेश कसा पोचवते हे बघणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात उजव्या डोळ्याची लाट 'उशिरा' आली आहे. गाठ वाढली का? आणि दर वेळी भूल देऊन एमआरआय करण्याऐवजी व्हीईपीवरच भागणार नाही का?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, एवढ्यावरून गाठ वाढली असं म्हणता येत नाही. ही तपासणी मी रोज करते, म्हणून खात्रीने सांगते. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी अदलाबदल होत असतात आणि मेंदूचा प्रतिसाद आम्ही डोक्याच्या मागे चिकटवलेल्या तारांमधून टिपतो. नस नीट असेल तर मुख्य लाट साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास येते. गाठीमुळे नसेचं काम मंदावलं की ती उशिरा येते, बुटकी होते. पण मूल पेंगुळलं, चष्मा घरी राहिला किंवा नजर पडद्यावरून हटून आईकडे गेली, तरी आलेख तसाच बिघडतो. साडेचार वर्षांचं मूल किती वेळ चौकटी बघत बसणार!

त्यामुळे तपासणी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने पुन्हा करून घ्या. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. मुलीची झोप झालेली असू दे, पोट भरलेलं असू दे.

एमआरआय मात्र सोडता येणार नाही. गाठ केवढी आणि कुठवर गेली हे त्यातच दिसतं. व्हीईपी फक्त नस कसं काम करते ते सांगते. गाठ तेवढीच राहून नजर उतरलेली मी पाहिली आहे, आणि गाठ वाढूनही नजर शाबूत राहिलेली मुलंही. म्हणून सगळ्यात जास्त वजन एकेक डोळा झाकून केलेल्या नजरेच्या तपासणीला. ती बालनेत्रतज्ज्ञांकडे लगेच करून घ्या. एनएफ-१ मधल्या अशा कित्येक गाठी वर्षानुवर्षं शांत राहतात; एका डळमळीत आलेखावरून कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टिन ही केमोथेरपीची औषधं सुरू करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मधल्या काळात ती टीव्हीच्या फार जवळ जायला लागली, डोळा तिरळा किंवा पुढे आल्यासारखा वाटला, उंची अचानक भराभर वाढली किंवा या वयातच छाती वाढू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.