वाचकांचे प्रश्न : चाकांच्या हत्यारपेट्या आणि गॅरेजमधले कामाचे टेबल

प्रश्न : माझ्याकडे खणांच्या, चाकांवर फिरणाऱ्या दोन लोखंडी हत्यारपेट्या आहेत. प्रत्येकीची लांबी १०६ सें.मी., खोली ४६ सें.मी. आणि चाकांसह उंची ८८ सें.मी. आहे. गॅरेजच्या बाजूच्या भिंतीलगत त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, वर जाड प्लायवूडची एक लांब फळी टाकावी आणि तेच कामाचे टेबल म्हणून वापरावे, असा विचार आहे. पेट्या चांगल्या भक्कम आहेत. मग टेबलाला वेगळे पाय कशाला हवेत? माझी उंची १७२ सें.मी. आहे, मला टेबल किती उंच असावे?

उत्तर : फळी पेट्यांवर टाकू नका. टेबलाला स्वतःचे पाय द्या आणि पेट्या त्याखाली कुठेही न टेकता उभ्या राहतील अशी मोकळी जागा ठेवा. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, कारण बाकीची सगळी मापे त्यावरून ठरतात.

पेटी भक्कम असते ती खणांतले वजन उभे पेलण्यापुरती. तिच्या बाजू म्हणजे पातळ पत्रा असतो आणि त्याच पत्र्यावर खणांच्या सरकपट्ट्या बसवलेल्या असतात. वरून हातोड्याचे घाव बसू लागले किंवा फळीवर करवत चालवताना आडवा जोर येऊ लागला, की पेटीचा सांगाडा किंचित पिळतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही. पण दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींना समांतर राहिल्या नाहीत, की खण अडखळू लागतात. मी स्वतः एकदा नेमके हेच करून बसलो होतो. काही महिन्यांतच सर्वांत वरचा खण निम्म्यावर अडू लागला. फळी उचलून बाजूला ठेवली तेव्हा तो पुन्हा सुरळीत चालू लागला, आणि दोष कुठे आहे ते तेव्हा कळले. शिवाय चाकांचा साधा ब्रेक फक्त चाकाचे फिरणे थांबवतो. चाकाच्या मानेत, म्हणजे चाक ज्यावर दिशा बदलते त्या सांध्यात, जी थोडी ढिलाई असते ती तशीच राहते, त्यामुळे रंधा मारताना सगळे टेबल डुगडुगते. आणि वर फळी ठोकून पेटी जागच्या जागी अडकवली, तर तिला चाके असून उपयोग काय?

आता उंचीकडे वळू. पेटी ८८ सें.मी. आहे. तिच्या वर किमान २ सें.मी. फट हवी. १८ मि.मी. प्लायवूडचे दोन थर आणि त्यांवर ६ मि.मी. जाडीची, खराब झाल्यावर बदलता येईल अशी हार्डबोर्डची पाटी धरली, तर वरचा पृष्ठभाग जमिनीपासून सुमारे ९४ सें.मी.वर येतो. आपल्या उंचीच्या माणसाचे कोपर साधारणपणे १०७-१०८ सें.मी.वर असते. म्हणजे आखणी, जुळणी, यंत्रांची दुरुस्ती, ड्रिलचे काम यांसाठी ही उंची उत्तम आहे. हाताने रंधा मारायचा असेल तर मात्र ती जास्त आहे, कारण त्या कामात खांद्याचा भार वरून द्यावा लागतो आणि त्यासाठी हात सरळ सोडल्यावर मनगट जिथे येते तेवढी उंची बरी पडते. रंधाकाम रोजचे असेल तर त्यासाठी वेगळे, बुटके टेबल करा. अधूनमधूनच असेल तर आपल्या पायाखाली १० सें.मी. उंचीचा रुंद लाकडी पाट पुरेसा आहे.

इथे एक चूक फार जण करतात. गॅरेजची जमीन सपाट वाटते, पण पाणी बाहेर वाहून जावे म्हणून तिला बहुधा दाराकडे उतार दिलेला असतो. बाजूच्या भिंतीलगतचे टेबल त्या उताराच्या दिशेने लांब पसरते. प्रत्येक पेटीला १११ सें.मी.चा गाळा (दोन पायांमधली मोकळी जागा) आणि ९ सें.मी. रुंदीचे तीन पाय धरले तर आपले टेबल सुमारे अडीच मीटर लांब होईल. उतार ६० सें.मी.ला १ सें.मी. असला, तरी एवढ्या लांबीत जमीन ४ सें.मी.हून अधिक खाली जाते. टेबल तर पाणसळीत हवे. म्हणून उंचीचे माप गॅरेजच्या मध्यावर घेऊ नका. जमीन जिथे सर्वांत वर आहे त्या टोकाला पेटी नेऊन उभी करा, तिथे २ सें.मी. फट ठेवा आणि दाराकडचे पाय त्या हिशेबाने लांब कापा. खालच्या टोकाला फट ६ सें.मी.पर्यंत दिसेल. ती डोळ्यांना खटकली तरी चालेल, कारण वरच्या टोकाला पेटी अडकली तर सगळेच काम वाया जाते. पायांना खालून फिरवून उंची बदलता येणारे स्क्रूचे तळवे बसवले, तर शेवटचा फरक तेवढ्यात निघून जातो.

फळीच्या जाडीविषयी. प्लायवूडचे दोन थर नुसते एकावर एक ठेवून चार स्क्रू मारले तर ताठपणा दुप्पट होतो. पण तेच दोन थर संपूर्ण पृष्ठभागावर सरस लावून दाबून चिकटवले, तर तो जवळपास आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सरसाचा एक डबा आणि रात्रभर लावून ठेवलेल्या क्लॅम्पांची रांग, एवढ्यावर हा चौपट फायदा मिळतो. अशी ३६ मि.मी. जाड आणि ७० सें.मी. रुंद फळी १११ सें.मी.च्या गाळ्यावर १०० किलो वजन मध्यभागी ठेवले तरी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर दबते. त्यामुळे पुढच्या कडेखाली जाड तुळई घालून पेटीची उंची खाण्याची गरज उरत नाही.

पेट्या पुढून आत-बाहेर करायच्या, म्हणजे पुढच्या पायांना खालून जोडणारी आडवी पट्टी देता येत नाही. आणि ती नसली की टेबल डाव्या-उजव्या बाजूला हलू लागते. हा तोल मागून सांभाळावा लागतो. मागच्या पायांना वर आणि खाली आडव्या पट्ट्या द्या आणि त्यांवर १२ मि.मी. प्लायवूडचा सलग पत्रा सरस आणि स्क्रू वापरून बसवा. तिरका आधार देण्यापेक्षा हा पत्रा अधिक भरवशाचा आहे. भिंत पक्की असेल तर मागची वरची पट्टी तिला बोल्टने जोडा. पुढे-मागे हलणे थांबवण्यासाठी प्रत्येक पुढचा पाय मागच्या पायाशी खालून जोडता येतो, कारण ती जोडणी पेट्यांच्या वाटेत कधीच येत नाही.

टेबलाची रुंदी ७० सें.मी. ठेवा. पेटीचे तोंड पुढच्या कडेपासून ५ सें.मी. आत राहू द्या. त्याहून आत ढकलली तर वरच्या खणात डोकावण्यासाठी दर वेळी मागे सरकावे लागते. मग पेटीमागे १९ सें.मी. जागा उरते, तिथे जमिनीवर एक जाड लाकडी पट्टी बोल्टने बसवा, म्हणजे पेटी दर वेळी नेमक्या त्याच जागी टेकून थांबेल. टेबलाची जागा पक्की करण्यापूर्वी गाडी गॅरेजमध्ये उभी करून खण पूर्ण उघडून पाहा. खण बाहेर आल्यावर त्याच्यापुढे माणसाला उभे राहायला किमान ६० सें.मी. जागा उरली पाहिजे.

प्रश्न : मी अशाच प्रकारचे टेबल केले आहे. पेटी १०६ सें.मी. लांब आणि गाळा १०८ सें.मी.चा आहे. माप अगदी बरोबर असूनही पेटी सरळ बाहेर ओढता येत नाही. एक बाजू येते आणि दुसरी पायाला घासते. चाके खराब असावीत का?

उत्तर : चाके ठीक असावीत, त्यांची रचना आड येते आहे. पेटी उलटी करायची गरज नाही, खाली वाकून पाहा. बहुतेक पेट्यांना एका टोकाला मान फिरणारी दोन चाके आणि दुसऱ्या टोकाला मान न फिरणारी दोन चाके असतात, आणि ही न फिरणारी चाके पेटीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असतात. पेटी मूठ धरून लांबीच्या दिशेने ढकलत न्यावी, अशी ती कल्पना आहे. टेबलाखालून मात्र आपण तिला रुंदीच्या दिशेने बाहेर ओढतो, म्हणजे त्या दोन चाकांना आडवे घासत नेतो. मग फिरणारे टोक पुढे येते, दुसरे जागीच राहते आणि पेटी तिरकी होते. तिरक्या पेटीला तिच्या कर्णाएवढी जागा लागू शकते, आणि आपल्या पेटीचा कर्ण ११५ सें.मी.हून थोडा जास्त भरतो. १०८ सें.मी.च्या गाळ्यात तो कसा मावणार?

उपाय असा की न फिरणारी दोन चाके काढून तिथेही फिरणारी बसवावीत. नवीन चाकाची, पेटीला बोल्टने बसणाऱ्या पाटीपासून जमिनीपर्यंतची पूर्ण उंची जुन्याइतकीच हवी आणि पाटीवरची बोल्टची भोके जुळली पाहिजेत. नुसता चाकाचा व्यास पाहून खरेदी करू नका. भाराचा हिशेब करताना पेटी आणि हत्यारे यांचे एकूण वजन चाराने नव्हे, तीनाने भागा, कारण ओबडधोबड जमिनीवर अनेकदा तीनच चाके टेकलेली असतात. चाके बदलण्यापूर्वी सर्व खण रिकामे करा आणि दुसऱ्या माणसाच्या मदतीनेच पेटी आडवी करा.

मात्र एवढ्यानेही २ सें.मी. जागा अपुरीच पडेल. फिरणारे चाक दिशा बदलताना आपल्या मानेभोवती अर्धा फेरा घेते आणि त्या क्षणी पेटी थोडी बाजूला झुलते. म्हणून दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर सोडावे, असे मी नेहमी सांगतो. पेटीच्या टोकाची मूठ बाहेर येत असेल तर माप तिच्यासकट घ्यावे. आपल्या टेबलाचा एक पाय ३ सें.मी. सरकवता आला तर अवश्य सरकवा.

प्रश्न : टेबलाच्या पुढच्या कडेला व्हाइस (वस्तू जबड्यात घट्ट पकडणारा शिकंजा) बसवला, तर त्याखालचा खण उघडताना त्याचा दांडा आड येतो. व्हाइस कुठे बसवावा?

उत्तर : टेबलाच्या पायाच्या वर, आणि तोही टोकाच्या पायाच्या. पोकळ गाळ्यावर बसवलेला व्हाइस प्रत्येक घावाबरोबर फळी थरथरवतो; पायावर बसवला तर घाव सरळ जमिनीत जातो. टोकाला असल्यामुळे दांड्याचा घेर खणांपासून दूर राहतो आणि लांब पाइपही बाहेरच्या बाजूने धरता येतो. मागचा, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे यावा, म्हणजे लांब वस्तू उभी धरल्यावर ती फळीला अडत नाही. बोल्ट आरपार घ्या आणि खाली मोठे वॉशर घाला; खाली आलेले नट पेटीच्या वाटेत नाहीत ना, हे पाहून मगच भोके पाडा. जबड्याची वरची कड कोपराच्या पातळीला असली की कानस चालवणे सोपे जाते. वरच्या ९४ सें.मी.च्या टेबलावर १६ सें.मी. उंचीचा व्हाइस बसवला तर ती कड ११० सें.मी.वर येते, कोपरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर असल्याने बारीक कामाला ती सोयीची आहे, जड कामासाठी आपल्या पायाखाली एक फळी घ्यावी. हाताने लावण्याच्या क्लॅम्पांचीही हीच अडचण होते, कारण त्यांचा स्क्रू कडेखाली लोंबतो आणि वरचा खण अडवतो. त्यासाठी दोन गाळ्यांमधल्या पायाजवळचा भाग मोकळा ठेवा.

प्रश्न : पेटी भिंतीला बांधलेली नसते, मग खण उघडल्यावर ती पुढे कलंडण्याचा धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो गंभीर आहे. दोन-तीन भरलेले खण एकाच वेळी बाहेर ओढले की वजन पुढच्या चाकांच्या पलीकडे जाते आणि पेटी अंगावर येऊ शकते. पाने, हातोडे, सॉकेटचे जड संच सर्वांत खालच्या खणांत ठेवा, मोजमापाची हलकी साधने वर ठेवा आणि एका वेळी एकच खण उघडा. काही पेट्यांत दुसरा खण उघडूच न देणारी कडी असते; ती खणांना अडवते म्हणून काढून टाकू नका. पुढच्या दोन चाकांचे ब्रेक खण उघडण्यापूर्वी लावा. घरात लहान मुले असतील तर काम संपल्यावर पेटीचे कुलूप लावून किल्ली वर ठेवा, कारण उघडे खण त्यांना पायऱ्यांसारखे दिसतात.