सिंगापूरहून फिरणाऱ्या कंटेनर जहाजावर डेक कॅडेट म्हणून जायचंय. रुळायला किती वेळ लागतो, काय तयारी करावी?

तू लिहिलंयस की तू बडोद्याचा, वय 20, शाकाहारी, आणि पहिल्यांदाच घर सोडून सिंगापूर, पोर्ट क्लांग, यांगून अशा फेऱ्या मारणाऱ्या फीडरवर, म्हणजे जवळच्या बंदरांमध्ये कंटेनर पोचवणाऱ्या छोट्या जहाजावर, चालला आहेस. घरचे विचारतायत की सिंगापूरला पोस्टिंग म्हणजे राहायचं-खायचं कसं, आणि तुला रुळायला किती वेळ लागतो ते जाणून घ्यायचंय. मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. कॅडेट असताना याच मार्गावरच्या जहाजावर होतो, आता सेकंड ऑफिसर आहे आणि सध्या रजेवर घरी. वयाने मोठा आहे म्हणून तू म्हणतोय.

आधी ते ‘सिंगापूरला पोस्टिंग’ डोक्यातून काढून टाक. नातेवाईक म्हणतील, म्हणू देत. तुझं पोस्टिंग जहाजावर आहे. सिंगापूर तुला बहुतेक वेळा पासिर पांजांग या कंटेनर बंदराच्या क्रेनखालून दिसेल, तेही हेल्मेट घालून. तुला रुळायचंय ते वीसेक माणसांमध्ये, एका केबिनमध्ये आणि दर फेरीला मागेपुढे होणाऱ्या घड्याळात. जी मुलं शहराची वाट बघत बसतात ती चार महिन्यांनीही कुरकुरतात. जी पहिल्या आठवड्यात बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), कुक आणि आपली झोप या तिघांशी जुळवून घेतात ती तीन-चार फेऱ्यांत बरी होतात.

झोपेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. मोठी मेनलाइन जहाजं बंदर सोडलं की दिवसचे दिवस समुद्रात असतात. फीडर म्हणजे गावोगावी थांबणारी एसटी. सिंगापूर ते पोर्ट क्लांग सुमारे दोनशे सागरी मैल, एका रात्रीचं काम. पोचलं की मूरिंग स्टेशन, म्हणजे जहाज दोरांनी धक्क्याला बांधायचं काम, मग गँगवे वॉच (जहाजाच्या जिन्यावरचा पहारा), रीफर म्हणजे थंड कंटेनरची तापमानं लिहून घेणं, लॅशिंग म्हणजे कंटेनरची बांधणी तपासणं, आणि सुटताना पुन्हा स्टेशन. त्यात यांगून नदीवरचं बंदर. आत शिरायचं ते पायलट (वाट दाखवणारा बंदराचा माणूस) घेऊन आणि भरती बघून, त्यामुळे तुला रात्री दोनला उठवणार की पहाटे पाचला हे पाणी ठरवतं. वर घड्याळाचा घोळ: सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे, यांगून फक्त एक तास पुढे. जाताना घड्याळ दीड तास मागे घ्यायचं, परतताना दीड तास पुढे. मागे घेतलेल्या रात्री सगळे खूश असतात, पुढे केलेल्या रात्री ब्रेकफास्टला कुणी कुणाशी बोलत नाही.

नियम असा आहे की कुठल्याही 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग 6 तासांचा. हा नियम पाठ कर आणि आपले खरे तास रोज एका छोट्या वहीत लिहित जा. कमी पडले तर चीफ ऑफिसरला शांतपणे वही दाखव, ‘सर, काल सलग सहा मिळाले नाहीत’ एवढंच म्हण. चांगला चीफ ऑफिसर लगेच वॉच बदलून देतो. फोनचं एक पथ्य मात्र कडक पाळ: स्टेशन आटपलं की आंघोळ, मग झोप, आणि फोन उठल्यावर. बंदराचं नेटवर्क मिळालं म्हणून रात्रभर रील्स बघणारी मुलं दुसऱ्या दिवशी मूरिंगच्या दोराजवळ डुलक्या घेताना पाहिलीत. ताणलेला दोर तुटला तर माणूस जातो, हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं असशीलच.

काम कसं असतं याचा एक नमुना देतो. नांगर उचलताना तू फोरकासलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला असशील, हातात फायर होज. साखळी वर येते ती नदीच्या करड्या चिखलाने माखलेली, आणि तो चिखल हॉसपाइपमध्ये (साखळी आत येते त्या नळीत) शिरायच्या आत धुवून काढायचा असतो. विंडलासवर (साखळी ओढणाऱ्या यंत्रावर) बोसन, शेजारी चीफ ऑफिसर, आणि तू कठड्यावरून वाकून सांगायचं की साखळी कुठल्या दिशेला आहे, ताण किती आहे, पाण्यात अजून किती शॅकल उरलीत. एक शॅकल म्हणजे 27.5 मीटर, जोडावर पांढरा रंग असतो, तो चिखलात दिसत नाही. चुकीचा आकडा ओरडून सांगण्यापेक्षा ‘दिसत नाही सर’ म्हणणं बरं. तो चिखल बॉयलरसूटवर वाळला की दोन धुण्यांतही निघत नाही, म्हणून एक जुना सूट फक्त नांगरासाठी ठेव.

बोसन रत्नागिरी-दापोलीकडचा मिळाला तर तुझं नशीब. आपलं बडोद्याचं गुजराती वळणाचं मराठी ऐकून तो आठवडाभर टिंगल करेल, मग स्वतःहून गाठी शिकवेल. त्याला ऑर्डर सोडायच्या भानगडीत पडू नकोस. पुढे ऑफिसर तू होशील, आज जहाज त्याला कळतं.

जेवण. क्रू मिश्र असेल आणि कुक फिलिपिनो असेल तर तीन वेळा भात हे गृहीत धर. शाकाहारी आहेस हे पहिल्याच दिवशी गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) जाऊन स्वतः सांग, मेसमनमार्फत निरोप पाठवू नकोस. क्रूच्या धार्मिक आणि सांस्कृतिक सवयी लक्षात घेऊन जेवण द्यायचं असं एमएलसीतच (खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातच) आहे, पण कायदा दाखवून मिळालेल्या आमटीला चव नसते. मोकळ्या वेळात कांदे चिरायला बस, डाळ कशी फोडणीला टाकायची ते दाखव, पंधरा दिवसांत तुझ्यासाठी वेगळं पातेलं चढतं. सिंगापूरला शिप चँडलरकडून (जहाजाला सामान पुरवणाऱ्याकडून) डाळी, आटा, पनीर सगळं येतं, फक्त ऑर्डर जायच्या आधी कुकच्या कानावर घालावं लागतं. भारतीय क्रू असेल तर रविवारी बिर्याणी ठरलेली, शाकाहाऱ्यांची वेगळी निघते.

आता आईच्या डब्याबद्दल, आणि हे नीट वाच. सिंगापुरात खसखस नेता येत नाही. तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्यात ती बसते. म्हणजे अनारसे बाद. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात खसखस घातली आहे का ते आईला विचार, काही घरांत घालतात. मेतकूट, भाजणी, बिनखसखशीचा चिवडा खुशाल ने. गुटखा, मावा, खायची तंबाखू, व्हेप यांतलं काहीही बॅगेत नको, या सगळ्यांवर बंदी आहे. सिगारेटलाही ड्यूटी-फ्री सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरायचा. आणि ‘माझ्या भाच्याला एवढं पार्सल दे’ म्हणणारा कितीही ओळखीचा असो, नाही म्हण. ड्रग्जच्या बाबतीत तिथे फाशीपर्यंत शिक्षा आहे.

शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, मिळाली तर काय? फीडर धक्क्याला थोडेच तास असतं, त्यातले तुझे मोकळे किती हे चीफ ऑफिसर सांगेल. टर्मिनलमध्ये पायी फिरता येत नाही, गेटपर्यंत गाडीनेच जायचं. जहाज अँकरेजला, म्हणजे धक्क्यापासून दूर नांगर टाकून असेल तर लाँचने मरीना साउथ पिअरला उतरतात, तिथून एमआरटी (तिथली मेट्रो) लगेच मिळते. पहिल्या वेळी सरळ लिट्ल इंडिया गाठ. सेरंगून रोडवर कोमला विलासला पोटभर जेव, मुस्तफा या मोठ्या दुकानातून साबण, चार्जर, लोणचं घे, वेळ उरला तर वीरमाकालीअम्मन मंदिरात जाऊन ये. मरीना बेचे फोटो नंतर कधीतरी. दोन-तीन वेळा त्याच टेबलावर बसून जेवलास की शहर आपोआप ओळखीचं वाटायला लागतं. परतायची वेळ मात्र हातावर लिहून घे.

समुद्र कसा असतो विचारलंयस. मलाक्काची सामुद्रधुनी एरवी शांत, सुमात्रा बेटाचा आडोसा आहे. पण पहाटेच्या सुमाराला त्याच बेटावरून वादळी सरी येतात, त्यांना ‘सुमात्रा’च म्हणतात, तासा-दोन तासांत वाजवून जातात. उत्तरेला अंदमान समुद्रात नैर्ऋत्य मान्सूनमध्ये छोटं फीडर चांगलंच डोलतं. उलटी झाली तर लाजू नकोस, कोरडी बिस्किटं खात राहा, पोट रिकामं ठेवू नकोस. सिंगापूर सामुद्रधुनीत रात्री चोर चढायचे प्रकार होतात. जास्त करून बल्क कॅरियर आणि बार्जवर, आणि बहुतेक वेळा इंजिनचे सुटे भाग न्यायला. तुला डेकवर वॉकीटॉकी देऊन फेऱ्या मारायला लावतील. कुणी दिसलं तर अंगावर जायचं नाही, ब्रिजला कळवायचं आणि आत येऊन दार लावायचं.

अभ्यासाच्या दृष्टीने फीडरचा एक तोटा आहे. पायलटेज, मूरिंग, कार्गो, ट्रॅफिक भरपूर शिकशील, पण खुल्या समुद्रातलं नेव्हिगेशन कमी. टार बुकमधले (कॅडेटच्या प्रशिक्षणाच्या नोंदवहीतले) सेक्स्टंटचे, म्हणजे ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचे भाग शेवटाला ठेवू नकोस. अंदमान समुद्रात संध्याकाळी आभाळ मोकळं असलं की सेकंड ऑफिसरच्या मागे लाग. डीएनएसवाला (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा करणारा) असशील तर 18 महिन्यांचा सी-टाइम, म्हणजे जहाजावरचा काळ, लागतो, तो पुरा झाला तरी पुस्तक अर्धं, अशी मुलं पाहिलीत.

निवड झाली म्हणतोस, तर एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या परवान्याचा) नंबर सरकारच्या डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः तपासला असशील असं धरतो. नोकरी लावायला कुणी पैसे मागितले असतील तर सही करू नकोस. खलाशाकडून भरतीचे पैसे घ्यायला परवानगीच नाही.

राहिले घरचे. तुझ्यापेक्षा त्यांची तयारी जास्त लागणार आहे. जहाजावर क्रूला इंटरनेट द्यावं अशी तरतूद डिसेंबर 2024 पासून एमएलसीत आली आहे, त्यामुळे आमच्या वेळेपेक्षा फोन सोपा झालाय. पण रोज ठरावीक वेळेला फोन करीन असं वचन मुळीच देऊ नकोस. एक दिवस स्टेशन लागलं की तिकडे देवापाशी दिवा लागतो. आई मरीनट्रॅफिक या जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर तुझं जहाज शोधणार हेही नक्की. तिला आत्ताच सांगून ठेव की किनाऱ्यावरच्या अँटेनांना सिग्नल जवळपासचाच मिळतो, जहाज लांब गेलं की फुकटच्या ॲपवर ठिपका आहे तिथेच अडकून राहतो. ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबलं नाही. कंपनीच्या क्रू मॅनेजरचा आणि डीपीएचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर बाबांकडून लिहून घे. डीपीए म्हणजे जहाजावरच्या सुरक्षिततेसाठी कंपनीने किनाऱ्यावर नेमलेला माणूस. जहाजावर कुणी त्रास दिला आणि मास्टरकडे (कॅप्टनकडे) बोलायची सोय नसेल तर तुलाही त्याच्याशी थेट बोलता येतं, त्याचा नंबर जहाजावरही लावलेला असतो. रात्री-अपरात्री नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर खलाशांसाठी सीफेअररहेल्प ही चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे.

जॉइनिंगची तारीख गणपतीच्या आसपास आली तर ‘विसर्जन करून जातो’ असं कंपनीला सांगू नकोस. फ्लाइट, जहाज आणि ज्याच्या जागी तू जातोयस तो मुलगा, तिघंही तुझ्यासाठी थांबत नाहीत.