स्टेकिंगमधली 'फी': शुल्क, दलाली की हिस्सा?

प्रश्न असा आलाय की लिडोसारख्या स्टेकिंग प्रोटोकॉलच्या (म्हणजे लोकांची क्रिप्टो नाणी नेटवर्क चालवण्याच्या कामी लावून मोबदला मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअर-व्यवस्थेच्या) आकडेवारीत 'फीज' भलत्याच मोठ्या आणि 'रेव्हेन्यू' त्यापुढे किरकोळ दिसतो, मग मराठीत दोन्हीला शुल्कच म्हणायचं का?

माझ्या मते एकालाही नको. शुल्क म्हटलं की आपण खिशातून काढून भरतो असं वाटतं, इथे तसं काही भरावंच लागत नाही. तुम्ही ईथर (इथेरियम नेटवर्कचं नाणं) ठेवलं, प्रोटोकॉलने ते व्हॅलिडेटर (नेटवर्कवरचे व्यवहार तपासणारी यंत्रणा) चालवणाऱ्या ऑपरेटरांकडे लावलं, नेटवर्ककडून रिवॉर्ड आलं की त्यातून १० टक्के कापले जातात, त्यातले निम्मे ऑपरेटरांना आणि निम्मे प्रोटोकॉलच्या तिजोरीत, हे लिडोचं मूळचं गणित. समजा १०० ईथर आहेत नि वर्षाला ३ टक्के रिवॉर्ड धरलं तर ३ ईथर येणार, त्यातले २.७ तुमचे, ०.१५ ऑपरेटरांचे, ०.१५ तिजोरीत. दलाली म्हटलं तर लोक मुद्दलावरचे १० टक्के, म्हणजे १० ईथर गेले असं समजून घाबरतील, कारण दलाली अख्ख्या व्यवहारावर लागते, नफा होवो न होवो. इथे रिवॉर्डच नाही आलं तर कापायलाही काही नाही. म्हणून 'हिस्सा' किंवा 'वाटा' हाच शब्द चपखल, फार तर 'कपात'.

बरं हा हिस्सा घेतातही गमतीदार पद्धतीने. तुमच्या खात्यातून कुणी काढून नेत नाही, रिवॉर्डचा हिशोब लागला की तेवढ्या किमतीचे नवे शेअर्स (सगळ्यांच्या एकत्रित साठ्यातले हिस्से) तयार करून ऑपरेटर आणि तिजोरीच्या नावावर टाकतात, त्यामुळे तुमचा एसटीईटीएचचा (ठेवलेल्या ईथरच्या बदल्यात लिडो देतं त्या टोकनचा) आकडा वाढतो पण जरा कमी वाढतो. पावती वगैरे विसरा!

आता त्या आकडेवारीचं. काही साइट्स 'फीज' खाली सगळंच रिवॉर्ड मोजतात, म्हणजे वरच्या हिशोबातले पूर्ण ३ ईथर, आणि 'रेव्हेन्यू' म्हणजे फक्त तिजोरीत पडलेले ०.१५. वीसपटीचा फरक आहे राव, दोन्हीला शुल्क म्हणून कसं चालेल? पहिल्याला 'एकूण मोबदला' म्हणा, दुसऱ्याला 'प्रोटोकॉलचं उत्पन्न'. महसूल चुकीचा नाही पण मला त्याला सरकारी वास येतो.

आणि ते 'स्टेकिंगचं व्याज' तेवढं टाळा. व्याज देणारा कर्जदार असतो, इथे कर्ज कुणी घेतलेलंच नाही, शिवाय व्हॅलिडेटरने गडबड केली तर स्लॅशिंगमध्ये, म्हणजे नेटवर्कने केलेल्या दंडात, मुद्दलालाही कात्री लागते.