“मॅडम, तुम्ही ऑनलाइन आहात ना?”

त्या समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या, बसल्या आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या अनुभवी शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) “सोशल मीडियावरची सगळी खाती बंद करून टाकावीशी वाटतात. पण मग त्या मुलीचं काय?”

बहिणीसोबतच्या त्यांच्या एका साध्या फोटोचं कुणीतरी स्टिकर केलं होतं आणि ते वर्गभर फिरलं होतं. फळ्याकडे वळल्यावर मागे कुणी हसलं, की त्यांचा हात थबकायचा. आणि “ती मुलगी” म्हणजे वर्गात तोंड न उघडणारी एक विद्यार्थिनी. रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला : “मॅडम, झोप येत नाही. कुणाला सांगू नका.” मॅडमनी उत्तर दिलं, ती तासभर लिहीत राहिली. मग हे रोजचंच झालं. मॅडम फोन उशाशी घेऊन झोपू लागल्या.

“मुलांचा सोशल मीडियाचा वापर दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त असला की नैराश्याचा, चिंतेचा धोका दुप्पट, असं वाचलं. खरं आहे?” त्यांनी विचारलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, 2023 मध्ये दिलेल्या इशाऱ्यात हे आहे. पण वापरामुळे मुलं खचतात, की खचलेली मुलं जास्त वापरतात, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. एकट्या पडलेल्या मुलांना इथे आधार मिळतो, हेही त्याच इशाऱ्यात म्हटलं आहे. ती मुलगी वर्गात कधीच बोलली नसती. लिहिता आलं म्हणून बोलली. हा फायदा खरा आहे, आणि तो मला त्यांच्या हातून जाऊ द्यायचा नव्हता.

मी विचारलं, “तिथे तुम्ही कोण म्हणून असता?” त्या बराच वेळ गप्प होत्या. एकाच खात्यावर त्या बहीण होत्या, शिक्षिका होत्या आणि रात्री साडेअकराला त्या मुलीच्या एकमेव आधार होत्या.

फोटोंचं काम सोपं होतं. इन्स्टाग्राम खासगी केलं, फॉलोअर्समधून विद्यार्थी काढले. व्हॉट्सॲपवर स्टेटस ‘फक्त संपर्कांना’ दिसेल असं त्यांनी ठेवलं होतं. पण पालकांचे आणि मुलांचे नंबर सेव्ह केलेले, म्हणजे तेही संपर्कच! शाळेसाठी वेगळा नंबर घ्यायचं ठरलं. वर्गाच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, मुलींचाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तिथे मुलांऐवजी पालक घेतले आणि मेसेज फक्त ॲडमिन पाठवील असं केलं. स्टिकरचं प्रकरण मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी एकटीने ते गिळायचं काहीच कारण नव्हतं.

खरा वेळ गेला तो मुलीच्या मेसेजवर. “कुणाला सांगणार नाही” हे वचन शिक्षकाने देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल लिहीत असेल, तर सकाळची वाट पाहायची नसते. त्याच रात्री घरच्यांना फोन करायचा, आणि धोका घरातूनच असेल तर शाळेच्या प्रमुखांना आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचं. इथे तसं नव्हतं. आम्ही शब्दन् शब्द ठरवून उत्तर लिहिलं : “तू सांगितलंस हे फार बरं केलंस. रात्री मी फोन बंद ठेवते. उद्या मधल्या सुट्टीत भेटू. आईशी कसं बोलायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.”

पाठवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “तिला वाटेल, मी पाठ फिरवली.”

तसं वाटलंही. दोन दिवस ती मॅडमची नजर चुकवत राहिली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. हातात वही, वहीत आईला लिहिलेलं पत्र. “आधी तुम्ही वाचाल?” तिने विचारलं. मॅडमनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.