गावातल्या रोटरी क्लबला नवे सभासद आणि स्वयंसेवक कुठून आणायचे?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्याच्या गावी तीस वर्षं जुना रोटरी क्लब आहे. सभासद ३८ वरून १९ वर आलेत, सभेला नियमित येणारे आठ-नऊ, आणि येत्या १ जुलैला अध्यक्षपद तुमच्याकडे येतंय. मेंबरशिप ड्राइव्ह घ्यावा का, स्वयंसेवक कुठून मिळवावेत, असं विचारलंय.

ड्राइव्ह घेऊ नका. निदान पहिले सहा महिने तरी नको. सभासद व्हा म्हणून कुणाच्या दारात जाण्याआधी त्याला एखाद्या कामाला बोलवा. दोन तासांचं काम, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी. तो माणूस तीनदा आला की सभासदत्वाचा विषय काढा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते कळायला आम्हाला बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं कृषी सेवा केंद्र आहे, सोलापूर जिल्ह्यात, माउलींच्या पालखी मार्गावर. क्लबात मी सतरा वर्षं आहे, त्यातली तीन वर्षं सचिव होतो, एक वर्ष अध्यक्ष. २०१९ मध्ये आमची अवस्था तुमच्यासारखीच होती, पटावर एकवीस नावं आणि सभेला सात माणसं.

पुढे २०२१-२२ मध्ये कोलकात्याचे शेखर मेहता रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले. प्रत्येकाने एकाला आणा, अशी त्यांची हाक होती. हाक चांगलीच होती, आम्ही तिचं आकड्यात रूपांतर केलं. कुणी मेव्हण्याला आणलं, कुणी दुकानातल्या भागीदाराला, एकाने तर मुंबईत राहणाऱ्या मुलाचं नाव दिलं. पट चौतीसवर गेला. पदग्रहणाला पिना लावल्या, फोटो निघाले. पुढच्या जुलैला वर्गणीची मागणी गेली आणि आम्ही परत वीसवर आलो.

त्या गेलेल्यांत एक मेडिकल दुकानवाला होता, खरोखर मनापासून आलेला. मी त्याच्या दुकानात जाऊन बसलो आणि विचारलं, का सोडलंत? तो म्हणाला, ‘मला कुणी काही सांगितलंच नाही. सात महिने मागच्या रांगेत बसलो, जेवलो, घरी आलो.’ त्या वर्षी सचिव मीच होतो. त्याला काम देणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. हे मला फार लागलं. त्यानंतर आम्ही ठरवलं की नवा माणूस आला की महिन्याच्या आत त्याच्या नावावर एक काम लागलंच पाहिजे, आणि एका जुन्या सभासदाने वर्षभर त्याचा हात धरायचा. सभेला येताना त्याला घरून घेऊन यायचं, इतकं साधं. तुमचे एकोणीस जण का गेले हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन या. परत या म्हणायला नको, नुसतं ऐकायला. त्यातले दोघे-तिघे आपणहून परत येतील, आमचे आले.

आता गाव क्लबाला कशाने ओळखतं ते बघा. माझ्या पिढीने रोटरी पाहिली ती पोलिओच्या बूथवर. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्ध जगभर मोहीम सुरू केली, आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. आमच्या एसटी स्टँडवर सकाळी सातला टेबल लागायचं, दोन थेंब तोंडात, डाव्या करंगळीवर शाई. तिथे बसणाऱ्यांत निम्मे लोक सभासद नव्हते. शिक्षक होते, कॉलेजची पोरं होती, एक निवृत्त कंडक्टर होते. देशात १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. केवढं मोठं काम झालं ते! पण त्यानंतर आमच्या गावात रोटरी दिसेल अशी जागाच उरली नाही. राहिले ते सत्काराचे फ्लेक्स. विशीतल्या पोराला आमचं चाक, म्हणजे रोटरीचं बोधचिन्ह, माहीत होतं ते चौकातल्या कमानीवरचं, बास. म्हणून आधी काम निवडा, असं काम की गावातल्या माणसाला ते रस्त्यावरून जाताना दिसेल आणि त्याला वाटेल, इथे माझाही हात लागू शकतो.

आम्ही वारी निवडली. तशी आम्ही आधीही स्टॉल लावायचोच, केळी आणि बिस्किटपुडे वाटायचो. पालखीच्या वाटेवर केळी द्यायला शंभर जण असतात. करोनामुळे दोन वर्षं पालख्या एसटीने गेल्या आणि २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की खाण्याचं राहू द्या, पायांचं बघू. घमेल्यात कोमट पाणी, मीठ, स्वच्छ फडकी, व्हॅसलीन, मलमपट्टी. फोड फोडायचा नाही, धुऊन कोरडा करून पट्टी बांधायची, एवढं त्यांनी सगळ्यांना शिकवलं. आलेल्या मुलींपैकी एक फिजिओथेरपी शिकणारी होती, आमच्या कुणाचीच नात्यातली नाही, नुसती बघायला थांबलेली. परभणीकडच्या एक आजी पाय पुढे करेनात. ‘लेकरा, तुझ्या हातात पाय कसा देऊ?’ म्हणाल्या. त्या पोरीने वाकून आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. मग आजींनी पण वाकून तिच्या पायांना हात लावला आणि हसत पाय घमेल्यात सोडला. ती मुलगी रात्री साडेअकरापर्यंत तिथून हलली नाही. पुढच्या रविवारी तिनेच फोन करून विचारलं, आता पुढचं काय?

तिथेच आणखी एक गोष्ट घडली. वारकऱ्यांच्या खांद्यावरच्या पिशव्यांचे बंद तुटलेले असतात. बाजारपेठेत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आहेत, त्या संध्याकाळी स्टॉलवर आल्या, पाच मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि घरी जाऊन रिक्षात मशीन घालून घेऊन आल्या. पायाने चालवायचं मशीन, विजेची भानगड नाही. कुणी बंद शिवून घ्यायला बसलं, कुणी छत्रीचा शिवण उसवलेला कपडा. रात्री आवरताना मला म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी दोन मशीनं लागतील, दुसरीचं मी बघते.’ पुढच्या वर्षी तीन आली. अशा बाईला आम्ही वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण आमच्या डोक्यात सभासद म्हणजे डॉक्टर, वकील, कापडवाले. पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत क्लब काढला तेव्हा पहिले चौघे कोण होते ठाऊक आहे ना? एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी.

तुमच्या पहिल्या सभेत एक कागद घ्या आणि गावातले सगळे व्यवसाय लिहून काढा. इलेक्ट्रिशियन, मंडपवाले, दूध संकलन केंद्र, गॅरेज, फोटोग्राफर, ब्यूटी पार्लर, आचारी, ट्यूशनवाले, पशुवैद्य. प्रत्येकापुढे आपल्यातलं कुणी आहे का ते लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा वीस सभासदांत सहा डॉक्टर आणि पाच कापड व्यापारी निघाले, आणि बेचाळीस व्यवसायांपुढे रेघ.

बदलीवर आलेल्या लोकांकडे क्लब सहसा बघत नाहीत. बँकेतले अधिकारी, महावितरणचे अभियंते, पोस्टातले, शिक्षक. तीन वर्षांनी जाणार, कशाला घ्यायचं, असं आमचे जुने लोक म्हणायचे. अहो, त्यांना गावात कुणी ओळखत नसतं, रविवार खायला उठतो. आमच्याकडे विदर्भातून आलेले एक बँक अधिकारी होते. अडीच वर्षांत त्यांनी रक्तदानाचा सगळा हिशेब बसवून दिला आणि आता बदलीच्या गावी तिथल्या क्लबात गेलेत.

महिलांचं तर मला कळकळीने सांगायचंय. रोटरीने १९८९ पासून जगभर महिलांना सभासदत्व खुलं केलंय. आपल्याकडच्या कितीतरी गावांत मात्र ‘त्यांच्यासाठी इनरव्हील आहे की’ म्हणून विषय मिटवतात. इनरव्हील ही महिलांची वेगळी संघटना, ती चांगलंच काम करते, पण डॉक्टरीणबाईंना किंवा मुख्याध्यापिकेला रोटरीतच यायचं असेल तर त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आमच्याकडे आज बावन्नपैकी सतरा महिला आहेत आणि क्लब चालतो तो बराचसा त्यांच्यामुळे.

स्वयंसेवक म्हणाल तर रक्तदान शिबिरातून आम्हाला मिळाले तसे कुठूनच नाहीत. शिबिर आम्ही मे महिन्यात घेतो, कारण कॉलेजं बंद असतात आणि रक्तपेढ्यांत तेव्हाच खडखडाट असतो. शिबिरात दरवेळी काही जण परत जातात. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली, नाहीतर वजन ४५ किलोला टेकत नाही. बिचारे तोंड पाडून निघतात. एका वर्षी आम्ही त्यांना थांबवलं. ‘रक्त नको, तास-दोन तास द्याल का? नोंदणीच्या टेबलावर बसा, झोपून उठलेल्यांना चहा-बिस्किटं द्या.’ बावीस जण परत चालले होते, नऊ थांबले, त्यांतल्या चौघी आजही आमच्या यादीत आहेत. सेवा करायला स्वतःहून घराबाहेर पडलेला माणूस याहून सोपा कुठे सापडणार? आणि ज्यांनी रक्त दिलंय त्यांना पुरुष असतील तर तीन महिन्यांनी, महिला असतील तर चार महिन्यांनी फोन करा. आता तुम्ही पुन्हा देऊ शकता, एवढं सांगायला. नातं टिकतं.

कॉलेजच्या एनएसएसकडे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेकडे, जूनमध्येच जा. मुलांना दोन वर्षांत २४० तास सेवा भरायची असते, कार्यक्रम अधिकाऱ्यांना खरं काम हवंच असतं. मात्र पोरांना खुर्च्या मांडायला आणि टाळ्या वाजवायला बोलावू नका, ती पुन्हा येत नाहीत.

विचारायचं कसं, हेही सांगतो. व्हॉट्सॲपवर आवाहन टाकलं की पन्नास अंगठे येतात आणि माणूस एक येतो. दोघांनी मिळून घरी किंवा दुकानात जायचं, गिऱ्हाईक नसेल ती वेळ बघून. ‘कधीतरी येत चला’ म्हणायचं नाही. ‘तुमचं अक्षर सुरेख आहे. रविवारी सकाळी आठ ते दहा नोंदणीला बसाल का? दहा वाजता मोकळे.’ असं म्हणायचं. त्याला नाही म्हणायचीही मोकळीक ठेवायची आणि काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी फोन करून आभार मानायचे. हे सगळं फार वेळ खातं. महिन्याला चार-पाच घरांपेक्षा जास्त होत नाही. पण आमचे टिकलेले सगळे लोक याच वाटेने आलेत.

पैशाचं पहिल्याच भेटीत उघड बोला. वर्षाची वर्गणी, रोटरीच्या डिस्ट्रिक्टला जाणारा भाग, जेवणाचा खर्च, सगळं मिळून किती रुपये, ते कागदावर द्या. आम्ही हॉटेलमधली जेवणं बंद केली. २०१६ पासून क्लबांना महिन्यात दोन सभा घेऊनही भागतं, त्या आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या कामाच्या जागी घेतो, चहा-पोह्यांवर. रोटरी हे नाव पडलं तेच मुळी अशा फिरत्या सभांमुळे. वर्गणी एकदम निम्म्याहून कमी झाली. तरीही ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी रोटरी कम्युनिटी कोअर आहे. किमान दहा बिगर-रोटेरियन लोकांचा गट, आपला क्लब त्याला पाठबळ देतो. शिवणकाम करणाऱ्या ताई आमच्या त्या गटाच्या प्रमुख आहेत. त्यांना क्लबाच्या सभेत मागे बसवत नाही, वारीच्या नियोजनाची सभा त्याच चालवतात. तरुणांसाठी रोटरीचाच रोटरॅक्ट क्लब आहेच, २०२० पासून तिथली तिशीच्या आतल्या वयाची अटही गेलीय.

तुमच्यातले जुने लोक कुरकुर करतील. दर्जा घसरला, कुणीही येतंय, असं ऐकावं लागेल. आमच्याकडे दोन ज्येष्ठ रुसून बसले होते. त्यांतल्या एकांना मी पालखीच्या रात्री नऊ वाजता स्टॉलवर घेऊन गेलो, काही न बोलता त्यांच्या हातात टॉवेल दिला. बारा वाजता त्यांना घरी सोडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्टॉलची जागा आणि पाण्याचा टँकर स्वतःकडे घेतला.

१ जुलैला तुमचं पदग्रहण होईल तेव्हा व्यासपीठावरची यादी कमी करा आणि व्यवसायांचा तो कागद त्याच आठवड्यात काढा. रेघा मारलेल्या नावांपैकी पहिली पाच निवडा, आणि त्यांना बोलवायला तुमच्याकडे कोणतं काम तयार आहे ते मला इथे कळवा. ते काम कळलं की कुणाकडे कोणी जायचं हे आपल्याला ठरवता येईल.