आधी पट्टी उतरव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ऑपेरा गायचा आणि पॉप, ब्रॉडवेची म्हणजे संगीत-नाटकांतली गाणीही सोडायची नाहीत, असं ठरवलंस हे मला मनापासून आवडलं. ऑपेरा गायिका आयलीन फॅरेल १९६० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या ब्लूज गाण्यांची तबकडीही निघाली. ती नीट ऐक. पट्टी खाली आणि गाणं बोलल्यासारखं. ऑपेराच्याच गायिका रेने फ्लेमिंग यांनी २०१० साली रॉक गाण्यांचा अल्बम केला, तेव्हा त्याही अशाच खूप खाली उतरल्या.

म्हणून सगळ्यांत आधी पट्टी ठरव. पियानोवरच्या मधल्या सी सुराला सी४ म्हणूया; आकडा सप्तक दाखवतो, ५ म्हणजे त्याच्या वरचं. सोप्रानोची, म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाजाची, आरिया (ऑपेरातलं एकटीचं गाणं) ई५च्या वर सहज वावरते. पॉप गाणं तिथे नेलंस की शब्द हरवतात, आणि त्यात तुझ्या उच्चारांचा दोष नसतो. ई५ म्हणजे सुमारे ६६० हर्ट्झ. शब्दांतल्या ‘ई’ आणि ‘ऊ’ या स्वरांचा पहिला अनुनाद, म्हणजे तोंड-घशाची पोकळी ज्या कंपनसंख्येला घुमते ती, त्याच्या बराच खाली असतो. सूर त्या अनुनादाच्या वर गेला की जबडा उघडावाच लागतो आणि सगळे स्वर ‘आ’कडे झुकतात. ऑपेरात ते बरोबरच आहे, कारण माइकशिवाय ऑर्केस्ट्रावरून आवाज पोचवायचा असतो. पॉप ऐकणाऱ्याला मात्र शब्द हवे असतात. गाण्यातला सर्वांत उंच सूर सी५-डी५पाशी थांबेल अशी पट्टी घे आणि त्या पट्टीत लिहिलेले कागद घेऊनच तालमीला जा. एकटा पियानोवादक ऐनवेळी खाली वाजवेल, अख्खा बँड नाही.

मग माइक. शांत ओळींना तोंडापासून पाचेक सेंटीमीटर, जोरकस सुरांना पंधरा-वीस. फार जवळ धरला तर खर्ज फुगतो, जाळी मुठीत पकडली तर शिट्टी वाजते. ऑपेराच्या गायिका माइकसमोर हमखास जास्त ताकद लावतात, कारण सभागृहातून परतणारा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. साउंड चेकमध्ये मॉनिटरवर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरवर, तुझा आवाज आधी मागून घे, बाकी वाद्यं नंतर. व्हायब्रेटो, म्हणजे सुरातलं कंपन, तेही सुरुवातीपासून नको. सूर सरळ लाव आणि शेवटाकडे तो मोकळा सोड. मात्र सरळ सूर गळा आवळून धरलास तर तासाभरात घसा थकेल. तिथे श्वासाचा प्रवाह चालू हवा.

बेल्टिंगबद्दल, म्हणजे पॉप-ब्रॉडवेतल्या उंच, जोरकस, बोलल्यासारख्या आवाजाबद्दल, मी कडक आहे. चेस्ट व्हॉइस, म्हणजे खालच्या सुरांचा भरदार आवाज, ओढत वर नेणं हीच या वाटेवरची सर्वांत महागात पडणारी चूक, कारण तिचा परिणाम आधी तुझ्या हळुवार उंच सुरांवर होतो. रोज सकाळी एखादी साधी ओळ अगदी हलक्या आवाजात उंच गाऊन बघ. सूर उशिरा लागला किंवा हवा गळायला लागली, तर स्वरतंतूंना सूज असू शकते. त्या दिवशी बेल्टिंग बंद. घोगरेपणा दोन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे स्वरतंतूंची कंपनं दाखवणारी तपासणी, करून घे. मधाचं पाणी पीत वाट बघत बसू नकोस.

रियाजात आरिया आधी, चाळीसेक मिनिटं. मग विश्रांती, मग वीस मिनिटं पॉप आणि शेवटी पाच मिनिटं स्ट्रॉमधून गुणगुणणं. क्रम उलटा केलास तर जड झालेला आवाज घेऊन उंच सुरांकडे जावं लागतं. ऑपेराच्या ऑडिशनआधीचे दोन-तीन दिवस पॉपचा कार्यक्रम घेऊच नकोस, पैसे कितीही मिळोत.

ऑडिशनला सहसा पाच आरियांची यादी मागतात आणि त्यात इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी असं वैविध्य बघतात. पहिली आरिया बहुधा तूच निवडतेस. आजारी असतानाही जी निभावून नेता येईल, तीच निवड. ध्वनिमुद्रणं वेगळी ठेव. ऑपेराचं एका दमात घेतलेलं, कापाकापी आणि कृत्रिम घुमारा नसलेलं, पॉपचं स्टुडिओतलं. निवड करणाऱ्याला दोन्ही एकाच फाइलमध्ये दिलीस तर तुझा खरा आवाज कोणता, हेच त्याला कळत नाही.

पुढच्या पत्रात तुझ्या पाच आरिया आणि तीन पॉप गाण्यांच्या पट्ट्या लिहून पाठव. प्रत्येकीपुढे सर्वांत उंच सूर कोणत्या शब्दावर येतो, तेही लिही.